कानाने चाल ओळखायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेरला पेटी शिकवते आणि भजनी मंडळाला साथ करते. क्लास सुटल्यावर चपला घालताना, भजनानंतर चहाच्या वेळी आणि रात्री अकराला मोबाइलवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे आलेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. चाल ओळखणं, सूर ओळखणं आणि राग ओळखणं हे सगळं एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चाल ओळखणं तुम्हाला आजच येतं. शेजारच्या घरात आरती सुरू झाली की शब्द ऐकू आले नाहीत तरी कोणती आरती ते तुम्ही सांगता. सूर ओळखणं म्हणजे त्याच चालीतला प्रत्येक सूर ‘सा’पासून किती अंतरावर आहे ते कळणं आणि त्याला नाव देता येणं. हे जमलं की ऐकलेलं गाणं पेटीवर काढता येतं. राग ओळखणं त्यापुढचं. सूर कोणते, यापेक्षा ते कसे चालतात, कुठे थांबतात आणि कुठे वळतात, हे तिथे बघावं लागतं. खाली बहुतेक बोलणं मधल्या गोष्टीबद्दल आहे. रागाबद्दल प्रश्न १३ आणि १४ पाहा.

२. ताई, माले सूर समजतच नही. मी शिकसू का?

शिकाल. आधी घरच्या घरी एक चाचणी करा. पेटी येणाऱ्या कुणाला तरी तुमच्या रोजच्या आरतीची एक ओळ वाजवायला सांगा, आणि तुम्हाला न सांगता मध्येच एक सूर चुकवायला सांगा. तुमचं तोंड वाकडं झालं तर कान शाबूत आहे. ज्यांना अशी चूक खरोखर जाणवत नाही अशी माणसं असतात, पण ती फार थोडी. माझ्याकडे ‘मी औरंगजेब आहे’ म्हणत आलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

बहुतेकांची अडचण गळ्यात असते. ऐकलेला सूर गळ्यातून तसाच काढायची सवय नसते, आणि त्यावरून माणूस आपला कानच खराब ठरवून मोकळा होतो. गळा सरावाने बराच सुधारतो. त्याची पद्धत प्रश्न ७ मध्ये आहे.

३. मी रेल्वेतून निवृत्त झालो, वय ६१. आता सुरुवात करून उपयोग आहे का?

भुसावळला नोकरी झालेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याची गंमत वाटते. इंजिनाच्या हॉर्नला एक चढा आणि एक उतरता असे दोन सूर असतात. ते ऐकून गाडी कुठली आणि किती लांब आहे हे तुम्ही खिडकी न उघडता सांगत आला आहात. कान तयार आहे, त्याला फक्त सा-रे-ग-म ही नावं लावायची आहेत. लहान मुलांपेक्षा वेळ जास्त लागेल. पण मोठी माणसं सराव चुकवत नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटी फारसा फरक राहत नाही. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न १८ पाहा.

४. गाणं ऐकताना ‘सा’ कुठे आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि याचंच उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. सा सापडला की उरलेले सूर अर्धे सापडल्यासारखे असतात. सा चुकला तर पुढचं सगळं बरोबर असूनही चुकतं.

बहुतेक जण गाण्याचा पहिला सूर म्हणजे सा धरतात. ही पहिली चूक. कितीतरी चाली पंचमावरून (प) उठतात, काही गंधारावरून (ग), काही तर खालच्या धैवतावरून (ध). सुरुवात कुठून झाली यावरून सा ठरत नाही. गाणं कुठे येऊन बसतं ते बघा. ध्रुपद दोनदा म्हणून झालं, टाळ थांबले, आता पुढे काही नको, असं ज्या सुरावर वाटतं तो बहुतेक वेळा सा असतो.

करून बघा. ओळखीचं गाणं लावा. गाणं चालू असताना तोंड मिटून एकच सूर ‘म्’ करत धरा आणि तो सोडू नका. गाणं वर जाईल, खाली येईल, तुम्ही हलायचं नाही. चुकीचा सूर धरला असेल तर दोन-चार ठिकाणी तो खटकेल, मग तो थोडा सरकवा. एखादा सूर असा सापडेल की गाणं कुठेही गेलं तरी तो खालून आधार देत राहील. असे दोन सूर सापडले तर एक सा आणि दुसरा प असतो. दोन्हींवर गाणं संपवून बघा. घरी पोचल्यासारखं जिथे वाटेल तो सा. दुसरा ओसरीवरचा.

तानपुरा असेल तर काम सोपं, तो सतत सा देत असतो. शास्त्रीय गाण्यात तबल्याचा दाया बहुतेक वेळा सामध्येच मिळवलेला असतो, तोही कानात ठेवा.

माझा स्वतःचा घोळही सांगते. पहिल्या-पहिल्या दिवसांत एका गावी अभंगाला साथ करायची होती. बुवांनी ओळ उचलली, मी पहिला सूर पेटीवर शोधला, त्यालाच सा मानलं आणि तिथून वाजवत सुटले. तो पंचम होता. दोन ओळी कसंबसं निभलं, तिसरीला बुवांनी न थांबता माझ्याकडे असं पाहिलं की मी भाता हलवत राहिले आणि बोटं उचलून घेतली. पाच मिनिटं नुसता वारा.

५. काळी चार, पांढरी एक वगैरे कळलंच पाहिजे का?

साथ करायची असेल तर पाहिजे, नुसती चाल ओळखायला गरज नाही. काळी चार हे पेटीवरच्या जागेचं नाव आहे, म्हणजे सप्तकातली डावीकडून चौथी काळी पट्टी. सा त्या जागेवर ठेवला की तुमची पट्टी काळी चार. बायकांचा आवाज साधारण काळी चार-पाचच्या आसपास बसतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. गाणं तेच राहतं, फक्त उचलून दुसरीकडे ठेवलं जातं. तुमच्या आजीने आणि आजोबांनी एकच ओवी म्हटली तर ती तुम्हाला दोन ओव्या वाटत नाहीत, कारण कान अंतरं ऐकतो.

सवयीसाठी एक पट्टी पाठ करा. काळी एकचा सा धरला तर रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच आणि नी वरच्या सप्तकातली पांढरी एक.

६. सा बदलला की सूर बदलतात म्हणजे काय? पट्ट्या तर त्याच आहेत!

पेटीपाशी बसा. पांढऱ्या पट्ट्या विसरा, फक्त पाच काळ्या वापरायच्या. हा खेळ मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात खेळायला लावते.

काळी तीन हा सा मानून वरच्या काळी तीनपर्यंत काळ्या पट्ट्यांवरून चढा. सा रे ग प ध सा, हे भूपाचे सूर. आता त्याच पट्ट्या, पण सा काळी चारला. सा रे म प आणि कोमल नी (नेहमीच्या, म्हणजे शुद्ध नी च्या एक पट्टी खालचा), मधमाद सारंगाचे सूर झाले. काळी पाचला सा ठेवा. कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी मिळतील आणि मालकंस ऐकू येईल. काळी एकवरून सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनवरून सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी.

पाच पट्ट्यांत पाच रागांचे सूर मिळाले, आणि एकही पट्टी बदलली नाही. जुने लोक याला मूर्च्छना म्हणतात. दर वेळी आधी डाव्या हाताने भाता हलवत सा दहा सेकंद नुसता धरून ठेवा, कान त्यात बुडू द्या, मग चढा. हे न करता घाईने चढलात तर पाचही वेळा भूपच ऐकू येईल, कारण मनातला सा अजून काळी तीनलाच चिकटलेला असेल.

इथे ‘रागाचे सूर’ म्हटलं आहे, ‘राग’ नव्हे. तो फरक प्रश्न १३ मध्ये आहे.

७. रोज किती वेळ आणि नेमका काय सराव करायचा?

वीस मिनिटं, पण रोज. रविवारी तीन तास बसून आठवडाभर पेटीवर कापड टाकून ठेवणाऱ्यांचं काही होत नाही, हे मी बरीच वर्षं बघते आहे.

पहिली पाच मिनिटं नुसता सा. मग सा-प, प-सा. ते पक्कं झालं की सा-म, मग सा-ग. सा-रे शेवटी घ्या. जवळचे सूर सोपे वाटतात, पण कान तिथेच फसतो. पेटीवर सा वाजवा, प गळ्यातून काढा, आणि मगच प ची पट्टी दाबून ताडून बघा. क्रम उलटा करू नका. आधी पट्टी दाबली तर तुम्ही ओळखत नाही, नक्कल करता.

उरलेल्या वेळात एका गाण्याची एकच ओळ घ्या. तीन-चार वेळा ऐका, गाणं बंद करा, ओळ गुणगुणा, त्यातला सा शोधा, मग ओळीतला प्रत्येक सूर सा-रे-ग-म मध्ये म्हणायचा प्रयत्न करा. पेटी यानंतर. पहिल्या महिन्यात एका ओळीला चार दिवस लागले तरी चालतील.

दिवसभर कान उघडा ठेवला तर फुकटचा सरावही होतो. गल्लीत कुणी लांबून ‘आ-ई’ अशी हाक मारतं तेव्हा ती बऱ्याचदा वरून खाली येते, साधारण प वरून ग वर उतरावं तितकी. भांडेवाल्याची आरोळी, कुल्फीवाल्याची घंटा, मिक्सर, सगळ्याला सूर आहे. घरचे वेडे म्हणतील.

८. माझ्याकडे पेटी नाही. रात्री शेतात पाणी भरायला जातो तेव्हाच वेळ मिळतो. काय करू?

हा प्रश्न चोपड्याकडून आला आणि मला फार आवडला. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप टाका आणि एका कानात लावा. दोन्ही कान बंद करू नका, रात्रीची शेतातली वाट आहे.

मोबाइलची बॅटरी संपली तर डीपी आहेच. ट्रान्सफॉर्मरचा जो घूंऽऽ आवाज येतो त्याचा मूळ सूर ठरलेला असतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, आणि आतलं लोखंड प्रत्येक वेळी दोनदा ताणलं जातं, म्हणून आवाज येतो सेकंदाला १०० कंपनांचा. पेटीच्या भाषेत तो खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. बांधावर बसून लांबूनच ऐका. त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर गळ्यात धरा. सा म्हणून तो उंच वाटला तर त्यालाच प माना आणि त्याच्या खालचा सा शोधा. तो पांढरी एकच्या आसपास येईल आणि पुरुषी गळ्याला सोसेल. मोटर चालू आहे तोवर हा तानपुरा बंद पडत नाही. बंद पडलाच तर तुम्हाला सूर सोडून दुसरंच काम असेल.

९. कोमल ग आणि शुद्ध ग यात माझा नेहमी गोंधळ होतो.

सगळ्यांचा होतो. पेटीवर सा सोडून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर शुद्ध ग चौथी पट्टी आणि कोमल ग तिसरी, एवढाच फरक, पण त्याने गाण्याचा चेहरा बदलतो.

उत्तम नमुना म्हणजे आकाशवाणीची जुनी सकाळची धून. आमच्या पिढीला जळगाव केंद्र लागायच्या आधीची ती व्हायोलिनची सुरावट झोपेतही आठवते. वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये ती रचली आणि तिला आधार शिवरंजनीचा आहे. शिवरंजनीत सा, रे, कोमल ग, प, ध. भूपात सा, रे, शुद्ध ग, प, ध. बाकी चार सूर तेच. पेटीवर सा रे ग प ध आळीपाळीने एकदा शुद्ध ग घेऊन, एकदा कोमल घेऊन वाजवा. दिवसातून दहा वेळा, आठवडाभर. मग कुणाला तरी पाठमोरं बसून वाजवायला सांगा आणि कोणता ग ते ओळखा. दहापैकी आठ बरोबर आले की हेच कोमल आणि शुद्ध नी घेऊन सुरू करा, नंतर रे आणि ध.

१०. नोटेशन लिहिता आलंच पाहिजे का?

वाचता-लिहिता आलं तर विसरायला होत नाही, इतकाच उपयोग. भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म (शुद्ध म च्या एक पट्टी वरचा) वर उभी रेघ, खालच्या सप्तकातल्या सुराखाली टिंब, वरच्यातल्या सुरावर टिंब. अर्ध्या तासाचं काम. ते जमलं नाही म्हणून शिकणं थांबवू नका. आमच्या मंडळातले सगळ्यात तयार पेटीवाले काका आजही शब्दांवर पेनाने बाण काढतात, वर जाणारे आणि खाली येणारे.

११. गाणं इतकं जलद आहे की सूर पकडता येत नाहीत. आणि जुन्या कॅसेटवरची गाणी पेटीशी जुळतच नाहीत!

मोबाइलवर वेग पाऊण किंवा अर्धा करता येतो. त्यात पट्टी तीच राहते, फक्त गाणं सावकाश होतं. एका वेळी तीन-चार शब्दांपुरतंच ऐका.

कॅसेटचं तसं नाही. तिथे फीत हळू फिरली की आवाजही उतरतो. वेग साधारण सहा टक्क्यांनी कमी झाला की सूर एका पट्टीने खाली येतो, तीन टक्क्यांनी झाला की दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतो, आणि मग पेटीवर काही केल्या मिळत नाही. टेपचे सेल उतरले की गवय्या पेंगायला लागायचा, ते आठवत असेल. अशा कॅसेटवरून मोबाइलमध्ये घेतलेल्या गाण्यात ती चूक कायमची बसलेली असते. पेटीशी जुळवायचा हट्ट सोडा. गाण्यातला सा गळ्यात घ्या, गाणं बंद करा, आणि पेटीवरच्या जवळच्या पट्टीवरून काढा.

१२. मी काढलेली चाल ऐकायला बरोबर वाटते, पण लिहिल्यावर त्यात भलतेच सूर येतात. असं का?

सा चुकला असण्याची शक्यता दाट आहे. ओळखायची खूण सांगते. साधी, सगळे शुद्ध सूर असलेली चाल आहे आणि तुमच्या कागदावर म ठिकठिकाणी तीव्र आला, तर तुम्ही खऱ्या म ला सा मानलं आहे. म ऐवजी नी सगळीकडे कोमल आला, तर खऱ्या प ला सा मानलं आहे. दोन्ही वेळा पट्ट्या बरोबरच असतात, नावं चुकतात. कारण प्रश्न ६ मध्ये आहे आणि उपाय प्रश्न ४ मध्ये.

चालीत तीव्र म खरोखरच असू शकतो, यमनासारख्या रागावर बेतलेल्या चालींत तो असतोच. म्हणून खूण दिसली की आधी सा तपासा, लगेच खोडरबर उचलू नका.

१३. परीक्षेत ‘राग ओळखा’ येतं. सूर ओळखले, तरी राग चुकला. कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं इथेच घसरतात.

भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध. सूर मोजून फरक कळणार नाही. भूप संध्याकाळनंतरचा, त्यात ग चं राज्य. चाल खालच्या अंगाने, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात फिरते, ग वर येऊन विसावते. देशकार सकाळचा, तिथे ध वर भर आणि वावर वरच्या अंगाचा. परीक्षकांनी ध वर थांबून प वर उतरून दाखवलं आणि ग वर फार रेंगाळले नाहीत, तर भूप लिहू नका.

मारवा, पूरिया आणि सोहनी याहून पक्के चोर. तिघांत कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी, आणि तिघांतही प नाही. मारव्यात कोमल रे आणि ध यांचा दबदबा असतो आणि सा मुद्दाम टाळल्यासारखा असतो, त्यामुळे ऐकताना पायाखाली जमीन नसल्याची बेचैनी येते. पूरिया खाली, मंद्र सप्तकात रमतो, ग आणि नी त्याचे. सोहनी वर, तार सा भोवती चमकत राहते. मी मुलांना एक कान-खूण देते: मारवा अस्वस्थ, पूरिया गंभीर, सोहनी चंचल. शास्त्रात याला काही मान नाही, पण परीक्षेत कामाला येते.

सुरांची यादी पाठ करून हे यायचं नाही. प्रत्येक रागाचे दोन-तीन ठरलेले तुकडे, म्हणजे पकड, गळ्यावर चढवा. आपल्या गावात पाठमोरा माणूस चालीवरून ओळखतो, तसंच.

१४. एका गाण्यात दोन्ही म येतात. मग राग कोणता?

सुगम संगीतात आणि भजनात चाल बांधणारा रागाला बांधलेला नसतो. मध्येच एखादा परका सूर शब्दाला टेकू म्हणून येतो आणि जातो. तो किती वेळा येतो आणि कुठून येतो ते बघा. यमनाच्या चालीत दोन ग च्या मध्ये हळूच शुद्ध म लावून परत आलं, तर लोक त्याला यमन कल्याण म्हणतात. पण कडव्यात नवेच सूर येऊन सगळा रंग पालटला, तर एका रागाचं नाव द्यायच्या फंदात पडू नका. ‘मुखडा अमुकच्या अंगाने’ एवढं पुरे.

१५. कानबाईची गाणी पेटीवर बसवायचा प्रयत्न केला, जमलंच नाही. माझं काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी विसर्जन. त्या रात्री बायका ज्या चाली म्हणतात त्या पेटीसाठी जन्मलेल्याच नाहीत.

एका वर्षी पारोळ्याकडच्या एका घरी मी वही घेऊन बसले होते. नैवेद्याच्या रोटाचा वास, बाहेर पाऊस, आणि ओट्यावर सात-आठ जणी. रात्री दहाच्या सुमाराला एका गाण्याचा ग मी कोमल लिहिला. बाराला तेच गाणं परत आलं तर मला ग शुद्ध वाटला. आधीचं खोडलं. मग मोबाइलमधली पेटी बारीक आवाजात लावून ताडलं, तर तो सूर दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये होता, आणि प्रत्येक वेळी तिथेच. चूक म्हणावी तर इतकी नेमाने चूक कुणी करत नाही. म्होरक्या आजींना विचारलं, ‘आजी, हा सूर कोणता?’ त्या म्हणाल्या, ‘गाना म्हन, सूर काय इचारस?’ आणि पुढचं कडवं सुरू केलं.

पेटीत सप्तकाला बाराच जागा आहेत, आणि त्याही सारख्या अंतरावर बांधलेल्या. दोन पट्ट्यांमधला सूर आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिला काढता येत नाही. याच कारणांसाठी रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. माझं पोट पेटीवर असलं तरी त्या वेळच्या लोकांचं म्हणणं मला अर्धं पटतं. दरबारी रागातला झुलता कोमल ग पेटीवर असाच हुकतो.

तर कानबाईच्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर म्हणायच्या गौराईच्या, घरोटावरच्या (जात्यावरच्या) चाली गळ्यानेच उतरवा. लिहायच्या असतील तर ग च्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि आवाज मुद्रित करून ठेवा. या चाली चार-पाच सुरांतच फिरतात, त्यामुळे सा शोधायच्या सरावाला मात्र उत्तम.

१६. भजनात सुरुवात काळी एकला होते आणि शेवटी पेटीच जुळत नाही. पेटी बिघडते का?

पेटी जागेवर असते, मंडळी चढतात. लय वाढली, टाळ तापले, गजर आला की आवाज वर सरकतो. पेटी सुरू असेल तर ती धरून ठेवते. पेटीवाला पान खायला थांबला की पाच मिनिटांत अर्धी पट्टी गेलीच. अशा वेळी परत सूर देताना मंडळी आता जिथे आहेत तिथली जवळची पट्टी शोधा. मूळ काळी एकवर खेचायला गेलात तर भर गजरात भांडण होईल.

१७. लग्नाच्या डीजेनंतर दोन दिवस सूरच कळत नाहीत. काळजीचं आहे का?

कानात शिट्टी वाजत असेल, आवाज कापूस घातल्यासारखे येत असतील, तर कान दुखावला आहे. तेवढे दिवस सराव बंद आणि मोबाइल कानाला लावणं बंद. बऱ्याचदा हे आपोआप ओसरतं, पण वारंवार झालं तर कायमचं होतं. दोन दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे जा. वरातीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचायचंच असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे घाला. हसणारे हसोत.

१८. कानाचं मशीन लावल्यापासून पेटी बेसूर वाटते.

ही यंत्रं मुळात बोलणं स्पष्ट यावं म्हणून जुळवलेली असतात. शिट्टी दाबायची त्यांची सोय लांबलेल्या सुराला कधी शिट्टीच समजते आणि त्याच्याशी खेळते. मोठा आवाज आपोआप दाबायची सोयही गाण्यात आडवी येते. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी असते. ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांना ‘मी पेटी वाजवतो’ असं स्पष्ट सांगा, आणि जमलं तर पेटीच घेऊन जा.

१९. सूर सांगणारं ॲप वापरलं तर फसवणूक होते का?

स्वतःचा गळा तपासायला खुशाल वापरा. तुम्ही प लावलात आणि तो किती खाली पडला हे ते चोख दाखवतं. पण पूर्ण गाणं ऐकवलंत, तबला-पेटी-कोरस सगळं एकत्र, तर ते गोंधळून काहीही सांगतं. आणि आधी ॲप बघून मग ‘हो, हा गच’ म्हणणं म्हणजे प्रश्न ७ मधली उलट्या क्रमाची चूक.

२०. माझा सात वर्षांचा मुलगा नुसता सूर ऐकून ‘ही काळी चार’ असं सांगतो. काही खास करायला हवं का?

कौतुक करा, पाहुण्यांसमोर उभं करून परीक्षा घेऊ नका. अशी स्मरणशक्ती फार थोड्यांना असते. पण आपल्या संगीतात सा हलता असतो, आणि अशा मुलांना त्याचाच त्रास होतो. काळी चारला तो कायमचं एकच नाव देऊन बसला तर काळी एकचा सा धरल्यावर तीच काळी चार प होते, हे त्याच्या पचनी पडत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी आहे. पट्टी बदलली की रडवेली होऊन म्हणायची, ‘बाई, तुम्ही खोटं सांगता.’ तिला मी तीन महिने पेटीला हात लावू दिला नाही. नुसता तानपुरा, रोज वेगळ्या पट्टीला. आता ती प्रश्न ६ मधला काळ्या पट्ट्यांचा खेळ माझ्यापेक्षा वेगाने खेळते, आणि मी सा न सांगता चढले तर मला थांबवते.